पहिल्या वेलीचा हात

आमच्या घरात कुठलीही गोष्ट ठरायची ती पानं लावता लावता. दुपारची जेवणं उरकली की ओटीवर ओलं गोणपाट अंथरायचं, सकाळी खुडलेल्या नागवेलीच्या पानांचा ढीग मधोमध ओतायचा आणि सगळ्यांनी भोवती बसून मोजून कवळ्या, म्हणजे जुड्या, बांधायच्या. हात गुंतलेले, डोळे पानांवर, त्यामुळे माणसं एरवी बोलणार नाहीत ते बोलून जातात. माझं लग्नसुद्धा याच ओटीवर ठरलं होतं म्हणे. आणि सौराष्ट्रात जायचं की नाही, तेही आम्ही इथेच बसून ठरवायला घेतलं, पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात.

आमची वाडी आगाशीच्या बाजूला. पानवेल आणि केळी, कडेने माड. घरात पाच माणसं: सासरे हरिभाऊ, सासूबाई सावित्री, धाकटे दीर नरहरी, त्यांची बायको लीला आणि मी, थोरली सून शांता. सहावे माझे यजमान, विद्याधर. ते मुंबईला गोदीत नोकरीला होते. चव्वेचाळीसच्या एप्रिलात गोदीत तो मोठा स्फोट झाला, त्या दिवशी ते कामावर गेले आणि परत आले नाहीत. मामंजी मुंबईला जाऊन शोधून आले. दारात उभे राहून ‘सापडला नाही’ एवढंच म्हणाले आणि हातपाय न धुताच वाडीत निघून गेले.

सापडला नाही म्हणजे गेला असं नव्हे, हे सासूबाईंनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. तेव्हापासून रोज सकाळी त्या करंडा घेऊन माझ्यासमोर यायच्या आणि स्वतःच्या बोटाने माझ्या कपाळाला कुंकू लावायच्या. मला लावू द्यायच्या नाहीत, माझ्या हातून एखाद दिवशी राहून जाईल अशी धास्ती असावी. दुपारी पहिला भात एका पितळी वाटीत काढून झाकून ठेवायच्या, लेकासाठी. संध्याकाळी तो भात रहाटाच्या रेड्यापुढे जायचा. माझ्या नवऱ्याच्या वाट्याचं खाऊन रेडा चांगला गुटगुटीत झालाय, असं मी एकदा लीलाला म्हटलं. ती बिचारी घाबरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पण अकरा वर्षं असं काढल्यावर माणूस एक तर वेडं होतं नाहीतर तिरकस. मी तिरकस झाले.

तर सौराष्ट्र. तेव्हा ते वेगळं राज्य होतं. प्रागजीशेठ म्हणून आमच्या पानांचे जुने गिऱ्हाईक होते, विरारहून आमच्या टोपल्या त्यांच्याकडे जायच्या. त्यांनी मांगरोळच्या बाजूला समुद्रालगत जमीन घेतली होती आणि तिथे वसईसारखी वाडी उठवायची त्यांच्या मनात होती. त्यांनी नरहरीभाऊजींना विचारलं, तुम्ही या, जमीन माझी, मेहनत तुमची, माल अर्धा अर्धा. विहीर गोडी, राहायला घर. भाऊजी वैशाखात जाऊन बघून आले, आणि आले ते पाय जमिनीवर ठेवीनातच.

“वहिनी, आपलाच समुद्र आहे,” ते मला सांगत होते. “तीच हवा, तेच माड. थंडी नावाला. फक्त माणसं गुजराती बोलतात.”

“आणि मासळी?” लीलाने विचारलं.

“शेठच्या घरात मिळणार नाही. बंदरावर मिळेल की.”

लीलाने हातातलं चांगलं पान फाटक्या पानांच्या ढिगात टाकलं. मासळीवाचून तिचा घास उतरत नसे.

इथे राहण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, हे मात्र सगळ्यांनाच दिसत होतं. आजूबाजूच्या वाड्यांवर तेलाची इंजिनं बसली होती. ती दिवसभर पाणी उपसायची आणि आमच्या विहिरीत खाली खारं यायला लागलं होतं. नागवेल फार नाजूक, पाण्यात जरा खार आला की पानं पिवळी पडतात. फाळणीनंतर कराचीला जाणारी पानंही थंडावली होती. एकीकडे हे, आणि दुसरीकडे शेठची गोड्या पाण्याची विहीर. भाऊजी एकेक फायदा सांगत, मामंजी एकेक शंका काढत. तिथली माती चिकट आहे का? पांगारे धरतील का? वाऱ्याला आडोसा काय? भाऊजी प्रत्येकाचं उत्तर घेऊनच आले होते.

सासूबाईंची शंका एकच.

“तो दारात आला आन घराला कुलूप दिसला तर कोनाला इचारील?”

 भाऊजींनी हातातली कवळी बांधून बाजूला ठेवली.

“शेजारी फर्डिनंड आहे ना आई,” भाऊजी म्हणाले. “तो सांगेल. दोन दिवसांत पोचेल दादा तिकडे.”

“आन शांताचा काय?” मामंजींनी विचारलं.

माझं काय, हे मला कोणी विचारलं नाही. माझ्यासमोर, माझ्याबद्दल, एकमेकांना विचारत होते. न जाण्याच्या बाजूला जितकी कारणं होती, त्यातलं सगळ्यात जड कारण मी होते. आणि गंमत अशी की घरात जाण्याची सगळ्यात जास्त ओढ मलाच लागली होती.

मला जायचं होतं. इथे देवळात गेले की बायकांची नजर आधी माझ्या कपाळावर जायची आणि मग दुसरीकडे वळायची. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही म्हणून घरोघरी खल व्हायचा. बोलावलं तरी ओटी भरताना हात अडखळायचे. त्यांचंही चुकत नव्हतं, मी कोण आहे हे मलाच कुठे माहीत होतं? तिकडे कोणाला माझी कथा ठाऊक नसणार. नवरा कुठे म्हणून विचारलं तर मुंबईला, म्हणायचं. एखाद्या संध्याकाळी समुद्रावर जाऊन नुसतं बसायचं. अठ्ठावीस वर्षांच्या बाईने एवढंही मागू नये की काय? पण मी तोंडाने काही बोलले नाही. बोलले असते तर नवऱ्याची वाट बघायचा कंटाळा आला असाच अर्थ झाला असता. आणि तो अगदीच खोटा नव्हता.

भाऊजींनी आषाढात पुन्हा जाऊन तिथे पांगाऱ्याचे खुंट रोवून घेतले. वेल चढायला आधी पांगारे वाढवावे लागतात. ते छान फुटल्याचं कळलं तशी मामंजींची एकेक शंका गळून पडली. गणपती झाले की वेलीचं बेणं घेऊन निघायचं ठरलं. राहिल्या सासूबाई. त्या किती तरी दिवस नुसती भाताची वाटी झाकत राहिल्या, आणि एका दुपारी पानं लावता लावता म्हणाल्या, “येते मी. पन पहिली वेल शांता लावील. विद्याधरच्या नावानं.”

आमच्या घराण्यात नवी वाडी लावायची एक रीत आहे. पानवेल म्हणजे साक्षात देवीच, तिच्यात वहाण घालून जायचं नाही, अशौचात पाऊल टाकायचं नाही. आणि नव्या वाडीतली पहिली वेल थोरल्या सुनेच्या हातची. न्हाऊन, हिरव्या बांगड्या भरून, नवऱ्याच्या जोडीने तिने पहिलं बेणं मातीत दाबायचं. नवरा गावाला गेला असेल तर त्याचं उपरणं खांद्यावर घ्यायचं. पण हात सवाष्णीचाच हवा, नाहीतर वेल धरत नाही. माझं लग्न झाल्यापासून नवी वाडी लावायची वेळच आली नव्हती. आम्ही जुन्याच वेली दरवर्षी पांगाऱ्यावरून उतरवून, गुंडाळून मातीत पुरत होतो, आणि त्यातून पुन्हा कोंब फुटत होते.

सासूबाईंचा हिशेब मला लगेच कळला. पहिली वेल विद्याधरांच्या नावाने लागली की ती वाडीही त्यांची, ते घरही त्यांचं. मग ते कधीही येवोत, तिथे त्यांची जागा धरलेली असेल. लेकाला मागे टाकून जायचं नाही, बरोबर घेऊन जायचं, असा तोडगा त्यांनी काढला होता. भाऊजींनी सुटकेचा श्वास सोडला. मी मान खाली घालून कवळी बांधत होते, आणि मला हसू येत होतं. खरंच आनंद झाला होता मला. मामंजींकडे माझं लक्षच गेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊजींनी चांगल्या जुन्या वेलींचं बेणं कापलं. ओल्या केळीच्या सोपटात गुंडाळून त्याच्या जुड्या ओटीवर ठेवल्या. लीलाने पितळेची भांडी पोत्यात भरली. सासूबाई आतून ट्रंक उघडून आल्या, हातात विद्याधरांचं उपरणं. आमच्या लग्नातलं, लाल काठाचं. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता त्याला. त्यांनी ते माझ्या खांद्यावर घालून बघितलं आणि पदर नीट केला, जणू मला दुसऱ्यांदा बोहल्यावर उभी करत होत्या.

“बगा,” त्या मामंजींना म्हणाल्या, “सोभते का नय?”

मामंजी खांबाला टेकून बसले होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “तिच्या हातून नको.”

“काय नको?”

“पहिली वेल. लीलाला लावू दे.”

“लीला धाकटी. थोरली असताना धाकटी कशी लावील?”

“वेल धरनार नय, सावित्री.”

“का नय धरनार? सवाष्ण हाय ती.”

मामंजी ओटीवरची बेण्याची एक जुडी ओढून तिचं सोपट उगाच सारखं करायला लागले.  भाऊजी म्हणाले, “बाबा, काय झालं?” तसं मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंकडे नाही, माझ्याकडे.

“मना गावला होता तो,” ते म्हणाले. “तिसऱ्या दिवशी गावला. पायाच्या आंगठ्यावरनं वलखला, लहानपनी कोयता लागलेला. फर्डिनंड होता संगती. तटेच अग्नी दिला मी त्याला. सगला केला, काय करायचा ता.”

लीलाने हातातलं भांडं खाली ठेवलं.

“घरी आलो तर तू दारात उभी,” ते मला म्हणाले. “सतरा वर्साची. पोटात चार महिन्यांचा. मी बोललो, बालंतपन होऊ दे, मग सांगीन. ता पोर उपजतच गेला. तवा तूपन जातेस का काय असा झालेला. मग ही आजारी पडली. आन मग… मग कसा सांगायचा, पोरी? रोज सांगीन सांगीन करत अकरा वर्सा गेली.”

मला रडू आलं नाही. मला राग आला, इतका की कानात घण पडायला लागले. अकरा वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून जेवला. रोज सकाळी माझ्या कपाळाला कुंकू लागताना बघत राहिला. बायकोला, सुनेला, देवाला, सगळ्यांना फसवू शकला आणि वेलीला फसवायची वेळ आली तेव्हा त्याचा धीर सुटला. माझ्यापुढे बोलायला त्याला पानवेल लागली.

“मग आज तरी कशाला सांगितलंत?” मी विचारलं. सासऱ्यांना असं विचारायची आमच्यात रीत नाही.

“नव्या वाडीत खोटा हात लागला असता,” ते अगदी साधेपणाने म्हणाले. “सगल्यांचा पोट हाय त्याच्यावर.”

सासूबाई उठल्या. माझ्या खांद्यावरचं उपरणं त्यांनी काढून घेतलं, घडी घातली आणि ते छातीशी धरून कुंपणापलीकडे फर्डिनंडच्या अंगणात गेल्या. मी मागोमाग गेले. फर्डिनंड केळीचे घड मोजत होता. तो आमच्याकडे बघून उभा राहिला, उपरणं बघितलं आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“फर्डिनंड, तू बगितला त्याला?”

त्याने कुंपणापलीकडे मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी होकारार्थी मान हलवली.

“व्हय काकी,” तो म्हणाला. “काकांनी शपत घातली होती. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करतो.”

सासूबाईंनी उपरण्याची घडी पुन्हा घट्ट केली. मग म्हणाल्या, “तुनापन शिकवला त्यांनी.” आणि वळून घरी आल्या.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की हे सगळं खोटं आहे. म्हाताऱ्याला जायची घाई झाली, म्हणून पोराला मारून मोकळा झाला. त्या येणार नाहीत. ज्यांना जायचं त्यांनी जावं. त्या ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. पोत्यात भरलेल्या भांड्यांतून त्यांनी आपल्यापुरता तवा, दोन पातेली आणि दोन ताटं बाहेर काढली आणि चुलीपाशी मांडून ठेवली. दोन ताटं. दुसरं ताट कोणाचं हे कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी मामंजी मला वाडीत भेटले. मी रहाटापाशी बसले होते. ते लांब उभे राहिले.

“तू चल,” ते म्हणाले. “तटे तुना कोन वलखत नय. कुंकू लाव, नको लाव, मी काय बोलनार नय, कोनाला बोलू देनार नय. लीला वेल लावील. तू नुसती ये. तुझा आयुष्य मी खाल्ला, आथा तरी ऊठ अटून.”

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी विचारत होतं. मला हवं होतं ते सगळं समोर होतं. समुद्र, अनोळखी बायका, गोडं पाणी. मी मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडून बघितल्या, अगदी ओटीवर मांडतो तशा. जाण्याच्या बाजूला सगळंच होतं. राहण्याच्या बाजूला एक म्हातारी होती, आणि तिचा एक करंडा. मी गेले तर उद्या सकाळी ती करंडा घेऊन कोणासमोर उभी राहणार? मी इथे बायको म्हणून राहिले तरच तिला आई म्हणून राहता येणार होतं. माझा रागच एवढा होता की कोणावर तरी तो काढून मी निघून जायला हवं होतं. पण तिच्यावर काढता येईना. तिचं तरी काय उरलं होतं?

“तुम्ही जा,” मी म्हटलं. “त्यांना मी सांभाळीन.”

मामंजी तिथेच खाली बसले आणि स्वतःच्या उपरण्यात तोंड घालून रडले. मी त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी विरार स्टेशनकडे निघाली. बेण्याच्या जुड्यांवर लीला ओलं फडकं धरून बसली होती, हातात नव्या हिरव्या बांगड्या. ती खाली उतरून माझ्या पाया पडली आणि हुंदके देत म्हणाली, “वहिनी, तुमची वेल मी लावते, राग धरू नका.” मी तिला म्हटलं, “मासळी खात जा गुपचूप बंदरावर जाऊन.” ती रडता रडता हसली. मामंजी शेवटी चढले. त्यांनी घराकडे पाहिलं, पण सासूबाई बाहेर आल्या नाहीत.

दुपारी मी जेवायला बसले. दोनच ताटं. सासूबाईंनी मला भात वाढला, स्वतःला वाढून घेतला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. मी पितळी वाटीची वाट बघत होते. ती फळीवर उपडी होती. मला वाटलं, विसरल्या असतील, गडबडीत. संध्याकाळी रेड्यापुढे मी नुसतं गवत टाकलं. दुसऱ्या दिवशीही वाटी उपडीच. तिसऱ्या दिवशीही.

तेव्हा मला कळलं. तिला सगळं कळलेलं होतं, फर्डिनंडने टोपी काढली त्या क्षणीच. लेकाचा घास तिने बंद केला होता, पण माझा करंडा बंद केला नव्हता. मला वाटत होतं मी तिच्यासाठी थांबलेय. आणि ती माझ्यासाठी थांबली होती. नवऱ्याला खोटं पाडून, त्याला एकटा परमुलखात धाडून ती मागे राहिली, ती माझं कपाळ राखायला. लेक गेला असं तिने कबूल केलं असतं तर गावाने दुसऱ्याच दिवशी माझ्या बांगड्या फोडल्या असत्या. मला हे सगळं तिला बोलून दाखवावंसं वाटलं. नाही दाखवलं. आमच्या घराला सवय आहे न बोलण्याची, ती मलाही लागली असावी.

रोजच्यासारखी ती सकाळी करंडा घेऊन माझ्यासमोर आली. बोटावर कुंकू घेतलं. बोट कपाळापाशी आलं आणि थांबलं. थोडं कुंकू माझ्या नाकावर सांडलं, थोडं पदरावर.

“हल्ली हात कापते माझा,” ती म्हणाली.

“कापू दे,” मी म्हटलं, आणि कपाळ पुढे केलं.